कानापुढचा सांधा

दोन्ही तर्जन्या कानांपुढे टेकवा आणि तोंड सावकाश उघडा. बोटांखाली हलतं ते खालच्या जबड्याचं डोकं. आधी ते कवटीच्या खोबणीत जागच्या जागी फिरतं, तोंड आणखी उघडलं की पुढे घसरतं. बिजागरी आणि सरकतं दार एकाच ठिकाणी! दोन्ही सांधे एकाच हाडाचे, त्यामुळे डावा बिघडला की ओझं उजव्यावरही येतं. मला या सांध्याचं वेड लागलं ते त्यातल्या चकतीमुळे. तंतुमय कूर्चेची ही चकती मधे पातळ आणि कडांना जाड असते, आणि तोंड उघडताना हाडाच्या डोक्याबरोबर सरकते. ती आधीच पुढे निसटलेली असेल तर डोकं तिच्या जाड कडेखालून उसळून जागेवर येतं आणि कानाशी टक्क वाजतं. नुसतं वाजत असेल, दुखत किंवा अडकत नसेल, तर उपचारांची गरज नसते. हे कुणी वेळेवर सांगितलं तर कितीतरी जणांचा घोर मिटेल.

दिल्लीत लक्ष्मीबाई नगरातल्या सरकारी क्वार्टरमध्ये आमच्या शेजारच्या काकू कितीतरी दिवस कानात थेंब घालत होत्या. ‘अरे, कान दुखतोय, दातांचा काय संबंध?’ कान स्वच्छ निघाला. गालावरच्या चावण्याच्या स्नायूवर बोट दाबलं मात्र, त्या कळवळल्या. दिल्लीची थंडी पडली की खांदे वर चढतात, नकळत दात आवळले जातात आणि दुखणं बळावतं. एका दवाखान्यात त्यांना दाढा घासून चावा जुळवून घ्यायला सांगितलं होतं. मी म्हटलं, आधी दुसरं मत घ्या; आयएनए स्थानकाच्या पुढचंच मेट्रो स्थानक एम्सचं, तिथे दातांचं स्वतंत्र केंद्र आहे. घासलेली दाढ परत येत नाही, म्हणून माझा हा हट्ट.

दाढांना दोष देण्याची परंपरा जुनी आहे. १९३४ साली अमेरिकेतले कानाचे डॉक्टर जेम्स कॉस्टेन यांनी अकरा रुग्णांवरून तसं मांडलं आणि पुढे कित्येक दशकं चावा दुरुस्त करण्यात गेली. २०२३ मध्ये बीएमजेतल्या मार्गदर्शक सूचनांनी व्यायाम, फिजिओथेरपी आणि मनाला ताणाशी जुळवून घ्यायला शिकवणारे उपचार पुढे ठेवले.

इथे एक आडवळण घेतोच. तोंड उघडत नाही म्हणजे सांधाच बिघडला असं नव्हे. सुपारी-गुटख्यानं गालांची आतली त्वचा ताठरते, पांढरट पडते, तिखट सोसवत नाही. या विकाराला आज रूढ असलेलं नाव एस. जी. जोशी यांनी १९५३ साली दिलं. त्यातून कर्करोग होऊ शकतो, म्हणून तिथे व्यायामावर वेळ घालवू नये. पन्नाशीनंतर नवी डोकेदुखी सुरू झाली आणि चावताना जबडा थकू लागला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. रक्तवाहिनीच्या सुजेनं दृष्टी जाऊ शकते.

बाकीच्यांसाठी मुख्य औषध म्हणजे सांध्याला सवड. ओठ मिटलेले, दात सुटे, जीभ टाळूला. काकूंनी देवघराच्या दारावर, गॅसच्या ओट्यावर आणि फोनवर ‘दात सुटे’ अशा चिठ्ठ्या लावल्या आहेत. गरम पाण्यात पिळलेल्या पंच्याचा दहा-पंधरा मिनिटं शेक, जांभईला हनुवटीखाली मूठ, फोन खांद्यात दाबायचा नाही. दुखणं भरात असेल तेव्हा ऊस, चिक्की, च्युइंगम बंद. पण महिनोन्‌महिने पेजेवर राहू नये, वापराविना स्नायू आणखी आखडतात. फराळही सोडायचा नाही: चकली मोडून चहात बुडवावी, चिवड्यात दही घालावं, बेसनाचा लाडू तर बिनघोर खावा.