तीन मडक्यांची भट्टी

गडचिरोलीच्या स्थानिक वृत्तपत्रांत एक बातमी बारा महिने येत राहते. नाल्याकाठी ड्रमांत लपवलेला मोहसडवा, म्हणजे दारूसाठी आंबवलेली मोहफुलं, पोलिसांनी आणि गाव संघटनेच्या महिलांनी मिळून ओतून दिला, भट्टी फोडली, दारूबंदी कायद्याच्या कलम ६५ खाली गुन्हा दाखल झाला. तालुका बदलतो, ड्रमांची संख्या बदलते, बाकी मजकूर तोच. सडवा किती होता आणि त्याची किंमत किती, हे त्यात हमखास असतं. जी भट्टी फोडली ती कशी होती, तिच्यात फुलं होती की गूळ होता, हे मात्र क्वचितच लिहिलेलं असतं. आणि सगळा फरक तर तिथेच आहे.

भट्टी समजायला आधी झाडाकडे जावं लागतं. फेब्रुवारीच्या शेवटी मोहाची पानं गळू लागतात आणि मार्च-एप्रिलमध्ये जवळजवळ उघड्या फांद्यांवर फुलांचे घोस लागतात. फुलं पहाटे गळतात. मांसल, फिकट पिवळी, बोटांत धरली तर रसाने चिकट होणारी. उजाडायच्या आत घरातली बायका-मुलं टोपल्या घेऊन झाडाखाली पोचलेली असतात, कारण उशीर झाला तर गुरं, हरणं आणि अस्वलं आपला वाटा उचलतात. कोणतं झाड कोणत्या घराचं, हे गावाला ठाऊक असतं. त्यासाठी सातबारा लागत नाही.

हे काम दिसतं तेवढं सोपं नाही. चंद्रपूर जिल्ह्यात, ताडोब्याच्या भोवती आणि ब्रह्मपुरी, सिंदेवाहीच्या पट्ट्यात, मोहफुलं वेचायला वाकलेल्या माणसांवर वाघाचे हल्ले होतात आणि त्यात जीवही जातात. फुलं नीट दिसावीत म्हणून झाडाखालचा पालापाचोळा पेटवतात, तीच आग कधी रानभर पसरते. म्हणून वन खातं दर उन्हाळ्यात झाडाखाली आग लावू नका, एकटे जाऊ नका, असं गावोगाव सांगत फिरतं.

वेचलेली फुलं सारवलेल्या अंगणात वाळतात, आक्रसतात, लालसर तपकिरी होतात. वाळल्या फुलाच्या वजनात निम्म्याहून जास्त साखरच असते. म्हणून ती आधी अन्न आहेत. भाजून, उकडून, भाकरीच्या पिठात मिसळून, लाडू करून ती खाल्ली जातात. मध्य प्रांतातल्या एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दुष्काळांत मोहफुलांनी असंख्य माणसं तगवली. बियांचं तेल निघतं, पेंडही वाया जात नाही. दारू हा या झाडाच्या अनेक उपयोगांपैकी एक उपयोग.

दारूसाठी वाळली फुलं पाण्यात भिजत घालतात. वेगळं यीस्ट लागत नाही, फुलांवर आणि मडक्याच्या भिंतींत ते असतंच. उन्हाळ्यात तीन-चार दिवसांत, थंडीत आठवड्याहून जास्त काळाने सडवा तयार होतो. तो झाला की नाही हे सांगायला कुणी उपकरण वापरत नाही. बुडबुडे थांबले, वास गोडाकडून आंबटाकडे वळला, फुलं तळाशी बसली, की करणारी बाई मान हलवते. हे काम बहुतेक घरांत बायकांचंच, आणि आईकडून मुलीकडे आलेलं.

आता भट्टी. चुलीवर सर्वांत खाली मोठं मडकं, त्यात सडवा. त्यावर दुसरं मडकं, त्याच्या बुडाला भोकं पाडलेली, आत एक लहान भांडं बसवलेलं. सर्वांत वर थंड पाण्याने भरलेलं तिसरं भांडं. सांधे ओल्या मातीने आणि चिंध्यांनी लिंपलेले. खालून वाफ उठते, भोकांतून वर येते, थंड भांड्याच्या बुडाला लागते आणि थेंब होऊन मधल्या लहान भांड्यात पडते. काही ठिकाणी मधल्या मडक्याऐवजी बांबूची नळी असते आणि तिचं दुसरं टोक नाल्याच्या गार पाण्यात ठेवलेल्या भांड्यात जातं. तांब्याची एक चकती नाही, एक नट-बोल्ट नाही.

या रचनेत दोन गोष्टी फार हुशारीच्या आहेत. मद्यार्क ७८ अंश सेल्सिअसला उकळतो, पाणी १०० अंशांना. म्हणून सुरुवातीच्या वाफेत मद्यार्क जास्त असतो आणि पुढे पाणी वाढत जातं. ‘पहिल्या धारेची’ हा शब्द सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे, त्यामागे हे एवढंच शास्त्र आहे. जाळ मात्र सतत सांभाळावा लागतो. लाकूड जास्त सरकवलं तर सडवा उसळून वर येतो, फुलं बुडाला लागतात आणि सगळ्या दारूला करपट वास येतो. कमी पडलं तर धारच धरत नाही.

दुसरी गोष्ट वरच्या पाण्याची. ते तापलं की वाफ थंड होणं थांबतं, म्हणून ते उपसून नवं थंड पाणी घालावं लागतं. किती वेळा पाणी बदललं, यावर दारूची ताकद ठरते. कमी वेळा बदलून थांबलं तर कडक, पुढे चालू ठेवलं तर प्रमाण वाढतं आणि ताकद उतरते. पाणी कुठे थांबवायचं हे सोयऱ्यांची संख्या, प्रसंग आणि घरातली फुलं पाहून ठरतं. थोडी दारू विस्तवावर टाकून निळी ज्योत उठते का पाहणं, ही तिची परीक्षा. एका बैठकीला अर्धा दिवस जातो आणि हाती येतात काही बाटल्या. ही भट्टी मुळातच संथ आहे, आणि तो संथपणा तिच्या बाजूने बोलणारा सर्वांत मोठा पुरावा आहे.

माडिया आणि गोंड घरांत पहिले थेंब पिण्यासाठी नसतात. ते जमिनीवर शिंपडले जातात, देवाला आणि पूर्वजांना. बियाणं पेरणीआधी देवापुढे ठेवण्याच्या विज्जा पंडुमपासून लग्नाच्या बोलणीपर्यंत आणि मयतीपर्यंत, पानाच्या द्रोणातली ती थोडी दारू नसेल तर विधी पुरा होत नाही.

जगात असे समाज आणखीही आहेत. थायलंडच्या गावांत भाताच्या पांढऱ्या दारूत मुळं, साली आणि औषधी काड्या मुरवून ‘या दोंग’ करतात. अंगदुखीवर, बाळंतिणीला, थकव्यावर ती दिली जात आली. तिथेही १९५० च्या मद्य कायद्याने घरगुती भट्ट्या गुन्ह्यात ढकलल्या आणि दारूचा धंदा मोठ्या कंपन्यांच्या हाती राहिला. पुढे गावच्या छोट्या भट्ट्यांना परवाने मिळू लागले आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये, संसदेतल्या मोठ्या वादानंतर, घरच्या वापरासाठी परवाना घेऊन दारू करायची मुभा मिळाली. आपल्याकडे गोव्याच्या काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि मध्य प्रदेशने मोहाच्या दारूला वारसा मद्य म्हणून मान्यता देऊन आदिवासी बचत गटांकडून ती बनवून घ्यायला सुरुवात केली.

हे वाचून गडचिरोलीतही तसंच करा, असं म्हणण्याचा मोह होतो. पण या जिल्ह्याचा इतिहास त्या वाटेवर खडा पहारा देतो.

चंद्रपूर जिल्ह्यातून २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली वेगळा झाला. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस इथे दारूविरोधी चळवळ उभी राहिली. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांची ‘सर्च’ संस्था त्यात होती, आदिवासी कार्यकर्ते होते आणि गावोगावच्या बायका होत्या. जिल्ह्यातले लोक दारूवर वर्षाला सुमारे २० कोटी रुपये घालवतात आणि जिल्ह्याच्या विकासाचा आराखडा १४ कोटींचा आहे, हा हिशेब तेव्हा गावागावांत सांगितला गेला. १९९३ मध्ये जिल्ह्यात दारूबंदी झाली, ती आजही आहे. २०१६ पासून ‘मुक्तिपथ’ हे अभियान गाव संघटनांच्या मदतीने ती अमलात आणायला झटतं आहे. शेजारच्या चंद्रपुरात कार्यकर्त्या पारोमिता गोस्वामी आणि त्यांच्या श्रमिक एल्गार संघटनेच्या बायकांनी दारूबंदीसाठी २०१० मध्ये चिमूरहून नागपूरच्या विधिमंडळापर्यंत पायी मोर्चा नेला. १ एप्रिल २०१५ पासून तिथे बंदी लागू झाली आणि २०२१ मध्ये सरकारने ती उठवली.

या बायकांच्या रागाला हलकं लेखणारा कुणीही मोहाच्या दारूविषयी बोलायला लायक नाही. मार खाल्लेली, धान्य विकलेलं पाहिलेली, पोराला पिताना पाहिलेली बाई जेव्हा ड्रम उलटा करते तेव्हा ती संस्कृतीवर हल्ला करत नसते. तिच्यासमोरचा ड्रम बहुतेक वेळा तीन मडक्यांच्या भट्टीचा नसतोही. विक्रीच्या भट्टीत फुलं नावाला आणि काळा गूळ जास्त असतो, लवकर आंबावं म्हणून नवसागर, कुठे युरियासुद्धा. पत्र्याच्या पिंपावर ती दिवसातून कितीतरी वेळा चढते. हंगाम, पूजा, सोयरे यांच्याशी तिचा संबंध तुटलेला असतो. ती रोजची रोकड पाहते.

कायद्याला मात्र दोन्ही भट्ट्या सारख्याच. आणि सीमेवर हे फार विचित्र दिसतं. भामरागडजवळ इंद्रावतीच्या पलीकडे छत्तीसगड आहे. तिथल्या आदिवासी कुटुंबाला ठरावीक मर्यादेत घरच्या वापरासाठी मोहाची दारू गाळायची सूट आहे. नदीच्या दोन्ही काठांवर तेच माडिया, तेच देव, तीच सोयरीक. अलीकडच्या काठावर तोच द्रोण गुन्हा ठरतो.

बंदी सरसकट उठवली तर पहिला फायदा गुळाच्या भट्टीवाल्याचा आणि परवानाधारक दुकानदाराचा होईल, हे चंद्रपूरकडे पाहून कुणालाही कळेल. वारसा मद्य म्हणून बाटल्या शहरात विकल्या तर पैसा येईल, पण फूल वेचणारीच्या हातात त्यातला किती राहील? आजही घरची नड भागवायला एप्रिलमध्ये स्वस्तात विकलेली फुलं पावसाळ्यात चढ्या भावाने परत घ्यायची वेळ अनेक घरांवर येते. दुसरीकडे, बंदी आहे तशीच चालवली तर पाणी किती वेळा बदलायचं हे जाणणाऱ्या म्हाताऱ्या बायका जातील आणि मागे उरतील फक्त पिंपं.

धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने या कोड्याचं उत्तर फार आधी शोधलं. २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळवून हे गाव देशभर गाजलं. त्याच्या कितीतरी आधी तिथल्या बायकांनी दारूचा प्रश्न गावसभेत आणला होता. चर्चा लांबली, कारण निर्णय बहुमताने नाही, सगळ्यांच्या संमतीने घ्यायचा होता. शेवटी ठरलं ते असं: गावात दारू बंद, देवकार्यापुरती थोडी चालेल. ही वाटणी बाहेरच्या कुणी केली नाही, म्हणून ती गावाने आपली मानली.

अनुसूचित क्षेत्रासाठीच्या १९९६ च्या पेसा कायद्याने मादक पदार्थांवर बंदी घालण्याचा किंवा त्यांचं नियमन करण्याचा अधिकार ग्रामसभेसाठी सांगितला आहे. त्याच कायद्यात गौण वनउपजाची मालकीही आहे, म्हणजे मोहफुलांचीही. राज्य सरकारने या अधिकाराला अर्थ द्यावा. गूळ आणि पिंपाच्या विक्रीच्या भट्टीवरची बंदी तशीच कडक ठेवावी, आणि घरच्या तीन मडक्यांचं काय करायचं हे बायकांची हजेरी आणि संमती सक्तीची असलेल्या ग्रामसभेवर सोपवावं. जी गावं पूर्ण बंदी ठरवतील त्यांच्यामागे पोलिसांनी उभं राहावं. जी देवकार्यापुरती मुभा ठरवतील, त्यांच्या पुजाऱ्याला कलम ६५ लावू नये.