आठ मीटरवर चार बोटं

डिसेंबरची संध्याकाळ. साडेपाचलाच गडचिरोली जिल्ह्यातल्या चामोर्शीत दिवस मावळतो आहे. आष्टीकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून असलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये मात्र अजून कुणी घरी निघालेलं नाही. एक ट्रॅक्टर सेल्फ मारत नाही म्हणून, एक मोटारसायकल हॉर्न वाजत नाही म्हणून उभी आहे. त्यांच्या पुढे, दार अडवून, एक मालवाहू तीनचाकी. जुनी, डिझेलवर चालणारी, कपाळावर मधोमध एकच दिवा असलेली.

“काका, उजेडच नाही पडत जी,” ऑटोवाला सांगतो. “घोटवरून येताना काल गाय दिसलीच नाही. वास आला तवा ब्रेक मारला.”

मिस्त्री हसत नाही. “दिवा पेटव.”

ऑटोवाला चावी फिरवतो, बटण दाबतो. समोरच्या भिंतीवर तांबूस पिवळा डाग उमटतो, इतका मिणमिणता की भिंतीवरची जुनी निवडणुकीची घोषणासुद्धा नीट वाचता येत नाही. गाडी चालू केल्यावर डाग थोडा उजळतो, हॉर्न दाबला की पुन्हा मान टाकतो. मिस्त्री तेवढं बघूनच मीटर काढायला आत जातो.

ऑटोवाल्याने उपाय सोबतच आणलाय. खिशातून तो एक खोका काढतो: 100/90 वॉटचा बल्ब. सीटखाली पांढरी एलईडीची पट्टीही आहे, टपावर बसवायची. ती बसवली की वाघसुद्धा पळेल, असं दुकानदाराने सांगितलंय म्हणे. धानाचा हंगाम आहे. कापणी-चुरणी उरकली की गावागावांतून कट्टे उचलून आदिवासी विकास महामंडळाच्या खरेदी केंद्रावर न्यायचे, आणि केंद्रावर रांग असते. म्हणून माल आदल्या रात्रीच भरून ठेवायचा. एका खेपेला दहा-बारा कट्टे, म्हणजे पाचेकशे किलो. रात्र टाळणं त्याच्या हातात नाही.

मिस्त्री मीटरच्या दोन सुया बॅटरीच्या दोन टोकांना लावतो. इंजिन चालू, दिवा चालू. काटा नाही, आकडे आहेत: 13.8. मग पुढे वाकून दिव्याच्या मागचं रबर सोलतो आणि त्याच सुया बल्बच्या होल्डरमध्ये घालतो. 11.4.

“पाय. अडीच व्होल्ट रस्त्यातच जिरते.”

अडीच व्होल्ट ऐकायला किरकोळ वाटतं. पण बल्बच्या तारेचा उजेड व्होल्टेजच्या हिशेबात सरळ कमी होत नाही, कोसळतो. तार थोडी कमी तापली की ती लालसर होते आणि प्रकाशाऐवजी नुसती उष्णता देत बसते. व्होल्टेज सहाव्या हिश्श्याने उतरलं की उजेड जवळपास निम्म्यावर येतो. या गाडीत नेमकं तेच झालंय. बल्ब बरा आहे, बॅटरी बरी आहे. मधली वाट खराब आहे.

ती कुठे खराब आहे ते शोधण्यात पाऊण तास जातो, आणि या कामात बघण्यासारखं काही असेल तर ते हेच. मिस्त्री एक सुई बॅटरीच्या ऋण टोकाला लावतो, दुसरी दिव्याच्या अर्थिंगच्या तारेला. तिथे शून्य यायला हवं, येतं जवळजवळ एक व्होल्ट. तार चॅसिसला जिथे बोल्टने आवळली आहे तो भाग चिखलाने लिंपलेला. पान्याने बोल्ट सोडवल्यावर खालून निघतो गंजाचा तांबडा पापुद्रा, आणि तारेच्या टोकाशी हिरवट भुकटी. पॉलिश पेपरने तो पत्रा पांढरा होईपर्यंत घासतो, नवा लग लावतो, बोल्ट आवळतो आणि वर ग्रीसचं बोट फिरवतो. परत मीटर. अर्थिंगचा व्होल्ट वाचला.

उरलेला दीड स्विचमध्ये आणि त्याच्याकडे जाणाऱ्या बारीक तारांमध्ये. बॅटरीतून निघालेला करंट आधी चावीच्या स्विचमध्ये, तिथून हँडलवरच्या बटणात, तिथून अप्पर-डिप्परमध्ये आणि मग दिव्यात असा फिरून येतो. प्रत्येक जोडावर थोडा थोडा सांडतो. डिप्परचा कपलर मिस्त्री ओढून काढतो तर प्लास्टिक एका बाजूने तपकिरी झालेलं, जळका वास येणारं.

“याच्यात तू शंभरचा बल्ब लावाले निघाला गा. आठ ॲम्पियर ओढते ते. हे प्लास्टिक पाय, पस्तीसच्या बल्बनंच असं झालं.”

ऑटोवाला खोका परत खिशात घालतो. एलईडीच्या पट्टीचं काय, हे विचारायचं तो तूर्त टाळतो.

मिस्त्री दोन रिले काढतो, काळे, काड्यापेटीपेक्षा लहान, खाली पितळी पाती. एक अप्परला, एक डिप्परला. रिलेवर आकडे कोरलेले असतात आणि जगभर ते सारखेच: 30 ला बॅटरीची तार, 87 ला दिव्याची, 85 ला अर्थिंग, आणि 86 ला जुन्या बटणाकडून येणारी तार. आता बटणाने दिवा पेटवायचा नाही, फक्त रिलेला इशारा द्यायचा. त्या इशाऱ्याला ॲम्पियरचा एक-दोन दशांश भाग पुरतो. खरा करंट बॅटरीतून जाड तांब्याच्या तारेने थेट दिव्यात जातो. बॅटरीपासून वीतभर अंतरावर फ्यूज. त्यावर मिस्त्रीचा भारी कटाक्ष, कारण तार कुठे घासली आणि फ्यूज नसला तर दिव्याऐवजी गाडीच पेटते. प्लास्टिकचा होल्डर काढून सिरॅमिकचा बसतो.

बल्ब पस्तीस-पस्तीसचाच, गाडीला कंपनीने दिला होता तसला. तो बसवताना मिस्त्री काचेला बोट लावत नाही. शेडमधल्या पोऱ्याचं बोट लागतं तर त्याच्यावर ओरडतो आणि स्पिरिटच्या फडक्याने काच पुसून घेतो. हॅलोजनची काच इतकी तापते की बोटाचं तेल असलेल्या जागी ती तडकू शकते.

रिफ्लेक्टरचं नशीब मात्र फिरत नाही. आतला चांदीसारखा थर कुणीतरी कधीकाळी कपड्याने रगडून पुसलाय आणि खालच्या अर्ध्या भागाचा राखाडी पत्रा झालाय. हा थर ॲल्युमिनियमचा असतो, वाफेने चढवलेला, कागदाहून कितीतरी पातळ. एकदा गेला की पॉलिशने परत येत नाही. मिस्त्री काच-रिफ्लेक्टरचा पूर्ण दिवाच बदलायला सांगतो. ऑटोवाला थोडा रेंगाळतो, मग “लावा जी” म्हणतो. होल्डरवर मीटर आता 13.4 दाखवतो. समोरची निवडणुकीची घोषणा शेवटच्या अक्षरापर्यंत वाचता येते. उमेदवार पडला होता, हे शेडमधलं कुणीतरी आठवणीने सांगतं.

इथे बहुतेक गाडीवाले पैसे देऊन निघतात. मिस्त्री निघू देत नाही. शेजारच्या किराणा दुकानातून चार कट्टे आणवून तो मागच्या हौद्यात टाकायला लावतो. तीनचाकीचा मागचा भाग दबतो, नाक वर उठतं आणि भिंतीवरचा प्रकाशाचा डाग सरकत थेट छतापर्यंत जातो. रिकाम्या गाडीवर बसवलेला दिवा भरल्या गाडीत झाडांचे शेंडे दाखवतो, आणि समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो. मालाची गाडी मालासकट सेट करायची, हे सांगायला त्याला शब्द लागत नाहीत. तो नुसता छताकडे बोट दाखवतो.

मग गाडी भिंतीपासून आठ मीटर मागे घेतली जाते, पावलांनी मोजून. बल्बच्या उंचीवर भिंतीवर खडूची रेघ. तिच्याखाली चार बोटं सोडून दुसरी रेघ. डिप्परच्या प्रकाशाची वरची कड त्या खालच्या रेघेला टेकली पाहिजे. पोऱ्या दिव्याचा स्क्रू फिरवतो, मिस्त्री भिंतीशी उभा राहून “अजून, अजून, बस” म्हणतो. आठ मीटरला चार बोटं म्हणजे साधारण शंभराला एक, आणि दिवे सेट करण्याचा जगभरचा हिशेबही त्याच्याच आसपास आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधला 106 वा नियमही आठ मीटरचंच अंतर धरतो: दिव्यापासून आठ मीटरवर, अर्धा मीटर उजवीकडे, जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचे डोळे असतील तो दिपता कामा नये. मिस्त्रीने हा नियम वाचलेला दिसत नाही. ज्या गाडीवाल्यांनी तो वाचलेला असायला हवा, ते काही मिनिटांतच आम्हाला भेटतात.

ऑटोवाला मला पुढे बसवून चाचणीला निघतो. आष्टी रस्त्यावर समोरून ट्रकांची रांग येते आहे. सुरजागडचं लोहखनिज वाहून नेणाऱ्या ट्रकांची आता या जिल्ह्याच्या रस्त्यांना सवय झाली आहे. त्यातला एक अप्परवरच येतो, वर टपावर पांढऱ्या दिव्यांची माळ. आमचा रस्ता, कडेची झाडं, पुढची सायकल, सगळं एकदम नाहीसं होतं. ऑटोवाला वेग तोडतो, डाव्या कडेच्या पांढऱ्या पट्ट्यावर नजर ठेवतो. ट्रक गेल्यावरही डोळ्यांसमोर काही सेकंद निळे-जांभळे ठिपके नाचत राहतात. चाळीसच्या वेगाने गाडी एका सेकंदाला अकरा मीटर जाते. तीन सेकंद डोळे गेले तर तेहतीस मीटर आंधळी गाडी.

“तसलीच पट्टी लावतो म्हनत होतो मी,” तो स्वतःशीच म्हणतो.

घोटकडे वळल्यावर जंगल लागतं आणि ट्रक मागे राहतात. इथे दिव्याची खरी परीक्षा आहे. डिप्परवर तीसेक मीटरपर्यंतचा डांबराचा पट्टा स्वच्छ दिसतो, अप्परवर सागाची खोडं दूरवर उभी राहतात. चाळीसच्या वेगात काहीतरी बघून ब्रेक दाबेपर्यंत पंधरा मीटर जातात, आणि भरली गाडी थांबायला आणखी तेवढे. म्हणजे डिप्परवर चाळीसच्या पुढे जाणं हा जुगार. ऑटोवाला पस्तीसवर आहे.

डाव्या बाजूला हिरवे ठिपके चमकतात. चितळं. डोळ्यांच्या मागच्या पडद्याने उजेड परत फेकल्यामुळे डोळे अंगाच्या आधी दिसतात. गुरांचेही डोळे तसेच चमकतात, वाघाचेही. रानडुकराचे चमकत नाहीत; त्याच्या डोळ्यांत तो पडदाच नसतो. अंधुक दिव्याच्या गाडीला चितळ वाचवून घेतं, डुक्कर घेत नाही. बुटकं काळं अंग, खाली मान, आणि एकामागे एक सात-आठ. ऑटोवाल्यांत डुकराचा धसका वाघापेक्षा जास्त आहे. एका जंगली जनावरापुढे मात्र उजेड कितीही असला तरी उपयोगाचा नाही, असं हा ऑटोवाला म्हणतो: हत्ती. 2021 मध्ये छत्तीसगडमधून कळप या जिल्ह्यात उतरला तेव्हापासून कुठे हत्ती असल्याची खबर आली की त्या बाजूची खेप तो सरळ रद्द करतो.

डांबर सोडून आम्ही पांदणीला लागतो. बैलबंडी आणि ट्रॅक्टरने पाडलेल्या दोन चाकोऱ्या, मधे उंचवटा. चारचाकी त्या दोन चाकोऱ्यांतून जाते. तीनचाकीची मागची दोन चाकं चाकोरीत आणि पुढचं एकटं चाक नेमकं मधल्या उंचवट्यावर, जिथे दगड, धसकटं आणि पावसाने कोरलेल्या नाल्या असतात. अमेरिकेत हौसेने रानात पळवायच्या तीनचाकी गाड्या उलटतात म्हणून 1988 मध्ये त्यांची नवी विक्री थांबवली गेली; इथली पाठीवर कट्टे घेऊन तसल्याच जमिनीवरून रोज जाते. म्हणून दूरच्या झोतापेक्षा चाकासमोरची चार-पाच मीटर जमीन दिसणं गरजेचं. ऑटोवाला डिप्पर टाकतो आणि पहिल्यांदा मोकळं हसतो: नालीची कड सावलीसकट दिसते आहे. तो हँडल किंचित वळवून चाक तिच्या बाजूने काढतो.

शेतात चार माणसं कट्ट्यांजवळ शेकोटी करून बसली आहेत. “आज लाईट मारून रायली गा गाडी,” त्यातली एक बाई म्हणते. ऑटोवाला पट्टी न लावल्याचं सांगत नाही, रिलेचं सांगतो.

आम्ही परततो तेव्हा मिस्त्री शेड बंद करता करता आणखी एक काम उरकतो. गाडीच्या पुढच्या दोन्ही कोपऱ्यांवर पांढऱ्या आणि मागे लाल चमकपट्ट्या चिकटवतो. पैसे घेत नाही. गाडीला दिवा मधोमध एकच, त्यामुळे समोरच्याला ती मोटारसायकल वाटते, आणि तो तेवढीच जागा सोडतो. गाडी मात्र जवळपास दीड मीटर रुंद असते.

तेव्हा गडचिरोली-चामोर्शी-आष्टी रस्त्याने रात्री जाणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे: समोरून एकटा दिवा आला तर ती दुचाकी असेल असं धरू नका. डिप्पर द्या, आणि बाजू जरा जास्तच सोडा.