पोथ्यांसाठी बांधलेला मनोरा

इ. स. 652 मध्ये तांग साम्राज्याची राजधानी चांगआन, म्हणजे आजचे शीआन, इथल्या दा त्स-अन मंदिरातल्या एका भिक्षूने सम्राट गाओझोंगकडे अर्ज केला. भारतातून आणलेल्या पोथ्या काळाच्या ओघात विखुरतील, आगीच्या भक्ष्यस्थानी पडतील, म्हणून त्या ठेवायला 300 चिनी फूट उंचीचा दगडी मनोरा बांधावा, अशी त्याची विनंती. सम्राटाचे उत्तर व्यवहारी होते. दगडाचे काम लवकर तडीस जायचे नाही, विटांचे करा. आणि आपण स्वतः त्यात दमू नका. खर्चासाठी राजवाड्यातल्या मृत व्यक्तींची वस्त्रे आणि चीजवस्तू देण्यात आली. भिक्षूने दगडाचा हट्ट सोडला, पण न दमण्याची आज्ञा काही पाळली नाही. शिष्याने लिहिलेले चरित्र सांगते, की दोन वर्षे ते स्वतः पाटीतून विटा वाहत होते.

हे भिक्षू म्हणजे आपल्या इतिहासाच्या पुस्तकातले ह्युएन त्संग. पुस्तकात ते भारतात येतात, हर्षाला आणि पुलकेशीला भेटून जातात आणि धडा संपतो. परतल्यावरची एकोणीस वर्षे आपल्याला कुणी शिकवत नाही. खरे तर त्यांचे आयुष्यभराचे काम तिथून पुढे सुरू झाले, आणि त्यातली दहाएक वर्षे या मंदिरात गेली.

645 साली ते चांगआनला परतले तेव्हा वीस घोड्यांवर 657 ग्रंथ होते. निघताना याहून जास्त होते. सिंधू ओलांडताना नाव हेलकावली आणि सुमारे 50 पोथ्या, शिवाय चीनमध्ये लावायला घेतलेले फुलझाडांचे बी, पाण्यात गेले. हे नुकसान त्यांच्या मनातून गेले नाही. पुढे 654 मध्ये बोधगयेच्या महाबोधी विहारातल्या ज्ञानप्रभ या विद्वानाला त्यांनी पत्र लिहिले. त्यात गुरू शीलभद्रांच्या निधनाबद्दलचा शोक आहे, भाषांतर कुठवर आले याची खबर आहे, आणि शेवटी नदीत गेलेल्या पोथ्यांची यादी: जमल्यास नकला पाठवाव्यात. मला या माणसाची सगळ्यांत खरी ओळख त्यांच्या प्रवासवर्णनापेक्षा या यादीत पटते.

मंदिर 648 मध्ये युवराज असताना गाओझोंगने आपल्या दिवंगत आईच्या स्मरणार्थ उभारले. तेरा अंगणे, 1,897 खोल्या आणि वायव्येला भाषांतराचे स्वतंत्र दालन. तिथे एकट्याचे काम नव्हते. कुणी संस्कृत पाठ वाचून दाखवी, कुणी चिनीत उतरवून घेई, कुणी अर्थ ताडून पाही, कुणी भाषा घोटून काढी. हयातभरात 75 ग्रंथांचे 1,335 खंड तयार झाले. 200 खंडांची ‘महाविभाषा’ ही बौद्ध टीका आज संपूर्ण वाचायची तर त्यांच्या चिनी भाषांतरातच वाचावी लागते. मूळ संस्कृत संहिता हाती नाही. ताडपत्रे टिकावीत म्हणून मनोरा बांधला, आणि ताडपत्रांपेक्षा भाषांतर टिकले.

महाराष्ट्राबद्दलचा मजकूरही प्रवासाच्या वाटेवर नव्हे, चांगआनमध्येच कागदावर आला. ह्युएन त्संग सांगत गेले आणि बियानजी या भिक्षूने 646 पर्यंत ते प्रवासवर्णन सिद्ध केले. उपकार न विसरणारे, अपमानाचा सूड घेणारे, पण घेण्याआधी शत्रूला बजावणारे लोक. हरलेल्या सेनापतीला शिक्षा नाही, फक्त बायकी वस्त्रे. लढाईआधी मद्य पाजलेले हत्ती. हा उतारा आपण अभिमानाने सांगतो. पण तो लिहिला जात होता तेव्हा पुलकेशीची राजधानी वातापी पल्लवांच्या हाती पडून चार वर्षे झाली होती. चांगआनला त्याची वार्ता नसावी. तिथल्या पानावर पुलकेशी अजून अजिंक्यच होता. पूर्व सीमेवरच्या डोंगरातला विहार, तो बांधणारा अचल नावाचा अर्हत आणि दारातले दगडी हत्ती यांचाही उल्लेख आहे. अजिंठ्याच्या 26 क्रमांकाच्या लेण्यातल्या शिलालेखात स्थविर अचलाचे नाव येते, 16 व्या लेण्याच्या पायथ्याशी हत्ती आहेत. त्यामुळे हे अजिंठाच असे बहुतेक अभ्यासक मानतात. ह्युएन त्संगांनी ते डोळ्यांनी पाहिले की ऐकून सांगितले, यावर मात्र वाद आहे.

चांगआनच्या मनोऱ्याचे दायेनथा, म्हणजे थोरल्या हंसाचा मनोरा, हे नाव मगधातल्या एका कथेशी जोडतात. मांस खाणाऱ्या भिक्षूंसमोर उडत्या थव्यातला एक हंस मरून पडला; ते वरमले आणि हंसाला पुरून त्यांनी वर स्तूप बांधला. चांगआनचा पहिला मनोराही भारतीय धाटणीचा होता: पाच मजले, 180 चिनी फूट, आत माती आणि बाहेर विटा. मातीतून गवत-झाडे फुटली आणि पन्नासएक वर्षांत तो ढासळला. 701 ते 704 मध्ये सम्राज्ञी वू झत्येनच्या काळात तो नव्याने उभा राहिला, चिनी घडणीचा. पुढे मजले सात झाले आणि मिंग काळात सगळ्यावर विटांचा नवा थर चढला. आज आपण जे पाहतो ते म्हणजे तांगकालीन गाभ्यावरचे मिंगकालीन कवच, उंची सुमारे 64 मीटर.

आत जाण्याची घाई करू नये. दक्षिण दाराच्या दोन्ही अंगांना 653 सालचे दोन शिलालेख आहेत. एक गाओझोंगचे वडील सम्राट ताइझोंग यांनी ह्युएन त्संगांच्या भाषांतरांसाठी लिहिलेली प्रस्तावना, दुसरे गाओझोंगचे त्यावरचे टिपण. एक उजवीकडून डावीकडे वाचायचा, दुसरा डावीकडून उजवीकडे, म्हणजे दोन्ही समोरासमोर शोभतात. अक्षर चू स्वेईल्यांगचे. या मंत्र्याने वू झत्येनला सम्राज्ञी करायला विरोध केला आणि तो हद्दपारीत, आजच्या व्हिएतनामच्या भूमीत मेला. तिनेच पुढे मनोरा बांधला, पण त्याचे शिलालेख राखले. पश्चिम दाराच्या दगडी पट्टीवर धर्मोपदेश करणारा बुद्ध कोरला आहे. वास्तू अभ्यासणारे बुद्धापेक्षा त्याच्या मागचा लाकडी मंडप पाहतात, कारण तांगकाळातल्या लाकडी इमारती चीनमध्ये हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या उरल्या आहेत.

पोथ्यांच्या कोठाराला लौकिक महत्त्वही लवकरच आले. राजदरबारी परीक्षा उत्तीर्ण झालेले तरुण इथे येऊन आपली नावे लिहीत. कवी बाय ज्युई 800 साली यशस्वी झालेल्या सतरा जणांत वयाने सर्वात लहान होता, आणि ते त्याने इथे मिरवले. ती नावे आता नाहीत.

मंदिराची तेरा अंगणेही गेली. उरलेल्या इमारती मिंग-छिंग काळातल्या आणि काही अगदी अलीकडच्या. मनोऱ्यावर चढायला वेगळे तिकीट आहे. वरच्या खिडक्यांतून दक्षिणेला ह्युएन त्संगांचा पुतळा, उत्तरेला संगीतावर नाचणारी कारंजी आणि भोवती दुकानांची रांग दिसते. शहर वाढले तसे विहिरींतून भूजल उपसले गेले, जमीन खचली आणि मनोरा वायव्येला जवळजवळ एक मीटर कलला. गेल्या शतकाच्या शेवटी उपशावर बंधने आली, तेव्हापासून तो वर्षाला एखाद्या मिलिमीटरच्या हिशेबाने सरळ होतो आहे.