शुगर असलेल्याला नवं हृदय

३ डिसेंबर १९६७ रोजी केप टाउनच्या ग्रूट स्क्यूर रुग्णालयात डॉ. ख्रिश्चन बर्नार्ड यांनी एका माणसाचं हृदय दुसऱ्याच्या छातीत बसवलं आणि ते धडधडू लागलं. तो पेशंट, लुई वॉशकान्स्की नावाचा किराणा दुकानदार, मधुमेही होता, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. नवं हृदय चांगलं चाललं होतं. अठराव्या दिवशी त्याचा जीव गेला तो न्यूमोनियाने. शरीराने परकं हृदय झिडकारू नये म्हणून दिलेल्या औषधांनी प्रतिकारशक्तीच लुळी पडली होती.

हृदयप्रत्यारोपणाची सुरुवात अशी मधुमेही माणसापासून झाली, आणि पुढे कित्येक वर्षं मधुमेह्यांनाच यादीबाहेर ठेवण्यात आलं. कारणं सबळ होती. शुगर असली की जंतुसंसर्ग लवकर होतो, जखम भरायला वेळ लागतो. त्यात प्रत्यारोपणानंतरची औषधं आगीत तेल ओततात. स्टेरॉइडमुळे इन्शुलिनचा असर कमी होतो आणि टॅक्रोलिमस स्वादुपिंडातून इन्शुलिन सुटण्यालाच खीळ घालतं. आधी शुगर नसलेल्यांनाही प्रत्यारोपणानंतर मधुमेह जडू शकतो, तो मुख्यतः यामुळे. दान मिळणारी हृदयं मोजकी, मग ती मधुमेह्याला का द्यायची, असा डॉक्टरांचा सवाल असे.

या सवालाला २००६ मध्ये आकड्यांनी उत्तर मिळालं. संशोधक रूसो आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या वीस हजारांहून अधिक प्रत्यारोपणांच्या नोंदी तपासल्या. मधुमेह नसलेल्यांचं प्रत्यारोपणानंतरचं मध्यम आयुर्मान १०.१ वर्षं निघालं, तर मधुमेह असूनही गुंतागुंत नसलेल्यांचं ९.३ वर्षं. फरक फार नव्हता. ज्यांच्यात मधुमेहाची गुंतागुंत बळावली होती, त्यांचा आकडा मात्र ३.६ वर्षांवर घसरला. म्हणजे शुगर आहे की नाही, एवढं विचारून भागत नाही. तिने आतापर्यंत शरीरात काय काय पोखरलं आहे, ते तपासावं लागतं.

आंतरराष्ट्रीय निकषही याच विचारावर उभे राहिले. २०१६ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार उपचार करूनही एचबीएवनसी (सुमारे तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारी रक्तचाचणी) ७.५ टक्क्यांच्या वर राहत असेल किंवा मूत्रपिंडासारख्या अवयवाला इजा झाली असेल, तर प्रत्यारोपणाबाबत हात आखडता घ्यावा, असं ठरलं. डोळ्याच्या पडद्यावरचे सुरुवातीचे बदल तेवढे त्यातून वगळले होते.

मुंबईचा या इतिहासाशी संबंध जुना आहे. बर्नार्ड यांच्यानंतर अवघ्या अडीच महिन्यांत, फेब्रुवारी १९६८ मध्ये, परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी हृदयप्रत्यारोपण केलं. पेशंट काही तासांतच दगावला. धडधडतं हृदय दान करता यावं म्हणून लागणारी, मेंदूमृत्यूला कायद्याची मान्यता आपल्याकडे मिळाली ती १९९४ मध्ये. त्याच वर्षी ३ ऑगस्टला दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. पी. वेणुगोपाल यांनी देशातलं पहिलं यशस्वी प्रत्यारोपण केलं. मुंबईला पुन्हा तो दिवस दिसला ऑगस्ट २०१५ मध्ये, जेव्हा पुण्यात दान झालेलं हृदय मुलुंडच्या फोर्टिस रुग्णालयात आणून डॉ. अन्वय मुळे यांच्या चमूने बसवलं.

केईएमशी छत्तीसगडचंही नातं आहे. अवयवदानाचा पश्चिम विभाग सांभाळणारी ‘रोट्टो’ ही संस्था तिथेच आहे आणि महाराष्ट्र, गुजरात, गोवा, मध्य प्रदेशाबरोबर छत्तीसगडही तिच्याच कक्षेत येतं. खुद्द छत्तीसगडच्या नवा रायपुरात सत्यसाई संजीवनी रुग्णालय २०१२ पासून जन्मजात हृदयदोष असलेल्या मुलांवर शस्त्रक्रिया करतं, तीही फुकट. पैसे भरायची खिडकीच तिथे नाही. मधुमेहाचा माग इथेही लागतो. गरोदरपणाच्या आधीपासून आईची शुगर आवाक्याबाहेर असेल, तर बाळाच्या हृदयात दोष राहण्याचा धोका कितीतरी वाढतो, कारण हृदयाची घडण पहिल्या आठ आठवड्यांतच उरकते.

थकलेल्या हृदयाच्या प्रौढ मधुमेह्याची वाट वेगळी. दात्याच्या शरीरातून काढलेलं हृदय साधारण चार तासांत पुन्हा सुरू व्हावं लागतं. फोन आला की पेशंट टेबलावर हवा. त्यामुळे प्रत्यारोपण मुंबईसारख्या दूरच्या शहरात ठरलं, तर रायपूरच्या कुटुंबाला नंबर लागेपर्यंत तिथे बिऱ्हाड करावंच लागतं.

शस्त्रक्रियेनंतरचा दिवस ग्लुकोमीटरच्या तालावर चालतो. प्रेडनिसोलोनची गोळी सकाळी पोटात जाते; उपाशीपोटीची शुगर ठीक दिसते आणि दुपारच्या जेवणानंतर आकडा उसळतो. फक्त सकाळचा रिपोर्ट पाहणारा इथे हमखास फसतो. इन्शुलिनची मात्रा या दुपारच्या चढाशी जुळवून घ्यावी लागते. दुसरी गोष्ट नसांची. काढताना हृदयाच्या नसा कापल्या जातात, त्यामुळे नवं हृदय आरामातही मिनिटाला नव्वद-शंभर ठोके देतं आणि त्याच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्या तरी बहुतेकदा छातीत कळ येत नाही. मधुमेहातही हृदयविकार असाच मुका राहू शकतो. म्हणून दुखत नाही यावर विसंबून चालत नाही. ठरल्या वेळी अँजिओग्राफी करून घ्यावीच लागते.

या साऱ्या खटाटोपापर्यंत वेळ येऊच नये, यासाठी मदतीला आलं ते मधुमेहाचंच औषध. डापाग्लिफ्लोझिन लघवीवाटे साखर बाहेर टाकतं. २०१९ मध्ये ‘डापा-एचएफ’ चाचणीत ४,७४४ हृदयरुग्णांवर ते तपासलं गेलं, तेव्हा हृदयाची अवस्था बिघडणं आणि हृदयविकाराने मृत्यू यांचं एकत्रित प्रमाण २६ टक्क्यांनी कमी झालं, शुगर असलेल्यांत आणि नसलेल्यांतही. २०२० मध्ये भारतात त्याचं पेटंट संपलं, जेनेरिक गोळ्या आल्या आणि भाव उतरले. मोठ्या शस्त्रक्रियेआधी मात्र डॉक्टर हे औषध तीनेक दिवस बंद ठेवतात, कारण शुगर बेताची दिसत असतानाही रक्तात आम्ल साठण्याचा धोका असतो.