कान शोधणाऱ्यांवर कोणाची नजर?

सप्टेंबर २०१० मध्ये तत्कालीन केंद्रीय अर्थमंत्री प्रणव मुखर्जी यांनी पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांना पत्र लिहून आपल्या कार्यालयाच्या सुरक्षिततेचा गंभीर भंग झाल्याची गुप्त चौकशी करण्याची विनंती केली. अर्थमंत्र्यांचे दालन, त्यांच्या सल्लागारांची खोली, बैठकीचे कक्ष अशा मिळून १६ जागी चिकट पदार्थ लावलेला आढळला होता व तो श्रवणयंत्रे चिकटविण्यासाठी असावा, असा संशय होता. जून २०११ मध्ये ही वार्ता फुटली तेव्हा राजकीय तर्कवितर्कांना ऊत आला. पण एका तपशिलाकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. ही झडती घेतली होती ती केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने पाचारण केलेल्या खाजगी तज्ज्ञांनी! मागाहून केंद्रीय गुप्तवार्ता विभागाने तपास करून तेथे काहीही नसल्याचा निर्वाळा दिला. तो पदार्थ म्हणजे च्युइंगम असावे, असेही सांगण्यात आले. दोन तज्ज्ञांपैकी कोणाचे खरे, याविषयी जेथे अर्थखात्यालाही वाद चुकला नाही, तेथे सामान्य गृहस्थाने काय करावे?

कारण ही विद्या आता मंत्र्यांपुरती राहिलेली नाही. निविदा भरण्यापूर्वी कचेरी तपासून घेणारा व्यापारी, घटस्फोटाच्या दाव्यात अडकलेले दांपत्य, घरमालकाविषयी शंका आलेली एकटी भाडेकरू अशी मंडळी पैसे मोजून असे शोधक बोलावितात. विजेच्या जोडपट्टीत किंवा भ्रमणध्वनीच्या चार्जरमध्ये सिमकार्डासह दडविलेले यंत्र आज सहज विकत मिळते. त्याला बाहेरून दूरध्वनी केला की खोलीतील संभाषण ऐकू येते.

ते हुडकणे मात्र सोपे नाही. यंत्र रेडिओलहरी सोडीत असेल तर त्या लहरी पकडता येतात; पण ते गप्प असेल, आवाज साठवून नंतर पाठवीत असेल, तर लहरींचा शोध व्यर्थ ठरतो. त्यासाठी सूक्ष्मलहरी सोडून अर्धवाहकाचा प्रतिसाद टिपणारे दुसरे उपकरण लागते. ते बंद पडलेल्या यंत्राचाही माग काढते. पण गंजलेल्या खिळ्यालाही ते फसू शकते. अखेरीस तज्ज्ञाला प्रत्येक स्विच उघडावा लागतो, प्रत्येक स्क्रू पाहावा लागतो. ही मेहनत वेळखाऊ असते; हातातील दिवा लुकलुकवीत अर्ध्या तासात घर ‘स्वच्छ’ ठरविणाऱ्याच्या हातून ती होणे शक्य नाही.

मॉस्कोतील प्रसंग या दृष्टीने आठवण्याजोगा आहे. ऑगस्ट १९४५ मध्ये सोव्हिएत बालवीरांनी अमेरिकन राजदूत हॅरिमन यांना अमेरिकेच्या राजमुद्रेची लाकडी प्रतिकृती भेट दिली. राजदूतांच्या निवासस्थानी, त्यांच्या अभ्यासिकेत, ती सुमारे सात वर्षे टांगलेली होती. तिच्या पोटात लेव्ह थेरेमिन या शास्त्रज्ञाने रचलेले श्रवणयंत्र होते. त्याला ना तार, ना विजेरी! बाहेरून रेडिओलहरींचा झोत सोडला की ते जागे होई. झोत थांबला की निव्वळ धातूचा तुकडा. एरवीच्या तपासण्यांत ते सापडणार कसे? १९५२ साली राजदूत जॉर्ज केनन यांनी शोधकांच्या सूचनेवरून, जणू लेखनिकेला मजकूर सांगत आहोत अशा थाटात, मोठ्याने बोलणे चालू ठेवले. ऐकणाऱ्यांनी झोत सोडला आणि तेवढ्या अवधीत शोधकांनी राजमुद्रेपर्यंत माग काढला. एका महासत्तेच्या निष्णात माणसांना इतका काळ आणि एवढी युक्ती लागली, हे ‘शंभर टक्के खात्री’ देणाऱ्या जाहिराती वाचताना विसरू नये.

चोराच्या वाटा चोरालाच ठाऊक, असे आपण सहज म्हणून जातो. येथे ते अक्षरशः लागू पडते. कारण यंत्र दडविण्याची कला अवगत असल्याखेरीज ते शोधण्याची येत नाही. आणि अशा माणसाला आपण घराचा कोपरा न् कोपरा, कपाट न् कपाट खुले करून देतो. तो गेल्यावर घरात काय उरले हे कोण तपासणार? ही निव्वळ काल्पनिक भीती नव्हे. २०१८ साली ठाणे पोलिसांनी लोकांच्या दूरध्वनींच्या नोंदी बेकायदा मिळवून विकल्याच्या आरोपावरून काही खाजगी गुप्तहेरांना अटक केली होती.

कायद्याची स्थिती विचित्र आहे. विजेच्या जोडणीची कामे घेणाऱ्या ठेकेदाराला शासकीय परवाना लागतो. दारावर पहारेकरी पुरविणाऱ्या संस्थेला २००५ च्या कायद्यान्वये परवाना लागतो. खाजगी गुप्तहेर संस्थांसाठी मात्र २००७ साली राज्यसभेत विधेयक मांडले गेले, त्याचा कायदा झालाच नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २०१७ साली खाजगीपणा हा मूलभूत अधिकार ठरविला, हे मोठे काम झाले. पण हा अधिकार राखण्यासाठी घरात बोलावलेल्या शोधकाची पात्रता कोणी ठरवावी, हे अनिर्णितच आहे. आणि शोधकांची गरज तर वाढणार! जुलै २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने पतिपत्नींचे चोरून ध्वनिमुद्रित केलेले संभाषण वैवाहिक दाव्यात पुरावा म्हणून ग्राह्य धरले. त्यामागील न्यायालयाची कारणमीमांसा काहीही असो. शयनगृहात यंत्र ठेवण्याचा मोह त्यामुळे कमी होईल, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल.

निदान एवढे तरी व्हावे: शोधकाची नोंदणी असावी, वापरलेली उपकरणे व तपासलेल्या जागा लेखी नोंदविण्याचे बंधन त्याच्यावर असावे, आणि सापडलेली वस्तू जागच्या जागी ठेवून पोलिसांना कळविण्याची रीत ठरावी. आज बहुतेक ग्राहकांच्या हाती पडतो तो ‘काही आढळले नाही’ एवढाच शेरा आणि त्याखाली रकमेचा आकडा.