कुलूप, भोंगा आणि कलम तीन

डिचोली तालुक्यातील सुर्ला हे खनिजाचे गाव; टिपराच्या फेऱ्यांवर ज्याचा संसार चालतो अशा येथील मालकाला, सप्टेंबर 2012 मध्ये गोव्यातील खाणकाम सरकारी हुकुमाने थांबल्यावर, दारी उभ्या राहिलेल्या गाडीच्या राखणीची चिंता पडली असल्यास नवल नाही. अशा वेळी उपयोगी पडणारे साधन म्हणजे स्टिअरिंगचे कुलूप: चाकाच्या कडेला आतून दोन आकड्यांनी धरणारा पोलादी दांडा, ज्याचे एक टोक इतके बाहेर राहते की चाक वळवू जाताच ते दाराला वा काचेला अडते. त्याला धक्का जाणणारी कळ, बॅटरी आणि भोंगा जोडला की चोराचा हात लागताच बोंब उठते.

परंतु या जोडणीला पेटंट मिळावे काय? 1970 च्या पेटंट अधिनियमाचे कलम 3 स्पष्ट सांगते की, ठाऊक असलेली साधने आपापले काम ठाऊक रीतीने, परस्परांपासून अलिप्त राहून करीत असतील, तर त्यांची नुसती मांडणी हा शोध नव्हे. मिर्झापूरच्या भांडी घडविण्याच्या यंत्राचा दावा 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयात, 1911 च्या जुन्या कायद्याखाली, अशाच कसोटीवर कोसळला. कारखान्यातील कुशल कारागीर सहज करील अशी सुधारणा पेटंटास पात्र नाही, असा निवाडा झाला.

अमेरिकेत मात्र अशाच कुलपाचे नशीब वेगळे निघाले. चावी फिरवूनच लागणाऱ्या बोल्टाच्या जागी, दांडा ओढताच आपोआप अडकणारी दातेरी पट्टी बसविणाऱ्या कुलपाला 1990 मध्ये पेटंट मिळाले. त्याच पेटंटावरून उठलेल्या ‘विनर’ विरुद्ध ‘वांग’ या वादात, हा बदल कोणालाही उघडपणे सुचला असता, हे म्हणणे तेथील अपील न्यायालयाने जानेवारी 2000 मध्ये फेटाळले. सोयीसाठी मजबुतीचा त्याग करण्याकडे कारागिराचे मन सहजासहजी वळले नसते, हा त्यातला विचार मला मार्मिक वाटतो.

तेव्हा भोंगा दांड्यावर केवळ चिकटविलेला असेल तर दावा बुडाला म्हणावा. कुलूप लागण्याच्या क्रियेनेच भोंगा सज्ज होत असेल आणि एकाच चावीने दोन्ही मोकळे होत असतील, तर कलम 3 च्या आक्षेपाला उत्तर देता येते, जरी कल्पकतेची स्वतंत्र परीक्षा बाकी राहतेच. असे काही घडविणाऱ्या गॅरेजवाल्याने ते गिऱ्हाइकांना दाखविण्याआधी मुंबईच्या पेटंट कार्यालयात अर्ज गुदरावा. गोव्याचा कारभार त्याच दफ्तराकडे आहे.