प्रसिद्ध व्यक्तींची ऑनलाईन फसवणूक : अध्यापनाच्या दृष्टीने

ऑनलाईन फसवणुकीला अशिक्षित माणसेच बळी पडतात, असा एक समज आहे. मुंबईतील दोन नामवंतांचे अनुभव पाहता तो टिकत नाही.

डिसेंबर २०२१ मध्ये माजी क्रिकेटपटू विनोद कांबळी यांना बँकेचा अधिकारी असल्याचे भासवून एका इसमाने फोन केला. केवायसी अद्ययावत न केल्यास कार्ड बंद पडेल, असे सांगून त्याने मोबाईलमध्ये एक ॲप घ्यायला लावले. अशा ॲपमुळे दूर बसलेल्याला मोबाईलची स्क्रीन दिसते. बोलणे चालू असतानाच खात्यातून सुमारे १ लाख १४ हजार रुपये गेले. कांबळी यांनी तातडीने बँकेला व पोलिसांना कळविले. त्यामुळे रक्कम परत मिळाली.

त्याआधी, डिसेंबर २०२० मध्ये अभिनेत्री ऊर्मिला मातोंडकर यांचे इन्स्टाग्राम खाते हॅक झाले. खात्याच्या पडताळणीच्या निमित्ताने आलेला संदेश त्यास कारणीभूत ठरला.

दोन्ही प्रकारांत कुलूप फोडले गेले नाही. किल्ली मालकाकडूनच घेतली गेली.

जोयडा तालुक्यासारख्या जंगलव्याप्त भागात बँकेची शाखा अनेकदा गावापासून दूर असते. फोन खरा की खोटा, हे जाऊन विचारणे सोपे नसते. म्हणून अध्यापकांनी विद्यार्थ्यांच्या मनावर पुढील गोष्टी बिंबवाव्यात : अनोळखी व्यक्तीच्या सांगण्यावरून ॲप घेऊ नये, ओटीपी कोणालाही सांगू नये आणि पैसे गेल्यास लाज न बाळगता त्वरित १९३० या क्रमांकावर कळवावे. रक्कम पुढे काढली जाण्यापूर्वीच ती गोठवता येते. लाजेपोटी गमावलेला वेळ चोराच्याच उपयोगी पडतो.